कंपनीने हात वर केलेला डीह्युमिडिफायर चालता ठेवताना

मुंबईत पाऊस सरासरीने ११ जूनच्या आसपास येतो. औषधांचं गोदाम असो, छापखान्याची कागदखोली असो की सुट्या भागांचं स्टोअर, कोपऱ्यातल्या जुन्या डीह्युमिडिफायरची, म्हणजे हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राची, आठवण मात्र पुठ्ठे मऊ पडायला लागले की होते. तेव्हा मेकॅनिक सापडत नाही आणि यंत्र दोन दिवस बंद ठेवणंही परवडत नाही. म्हणून इथे दिलेली कामं एप्रिल-मेमध्ये उरकायची आहेत.

कंपनी बंद पडली, दुसऱ्या कंपनीने गिळली, किंवा "ते मॉडेल आता नाही" एवढंच उत्तर फोनवर मिळतं. तरी घाबरायचं कारण नाही. पत्र्याच्या पेटीत जे बसवलेलं असतं त्यातला बहुतेक माल बाजारातला असतो: मोटर, बेअरिंग, पट्टा, कॉन्टॅक्टर (मोटर-हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), कपॅसिटर, हीटरच्या कांड्या. खरी अडचण होते ती कंपनीबरोबर गेलेल्या माहितीची. गॅस किती ग्रॅम, कॅपिलरी (गॅसचा दाब उतरवणारी बारीक नळी) किती लांब, रोटरचा (ओल शोषणाऱ्या फिरत्या चाकाचा) वेग किती, थर्मोस्टॅट किती अंशांवर, हे कोणाला विचारणार?

पाना उचलण्याआधी

यंत्र कसंबसं का होईना चालत असेल, तर आधी चालू स्थितीतल्या नोंदी घ्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान व आरएच (सापेक्ष आर्द्रता), वायरभोवती पकडायच्या क्लॅम्प मीटरने प्रत्येक मोटरचा आणि हीटरच्या तिन्ही फेजचा करंट, तासाभरात निघालेलं पाणी. नेमप्लेटवरची अक्षरं खाऱ्या हवेने गेली असतील तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, ठोकलेले आकडे उमटतात. दाराच्या आत चिकटवलेल्या वायरिंगच्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वीस वर्षांत तिघा-चौघांनी हात मारलेला असतो. प्रत्येक वायरला नंबर लावा आणि प्रत्यक्ष जोडणीचा नकाशा हाताने काढा. या कामाला अर्धा दिवस जातो, पण पुढचे चार वाचतात.

हायग्रोमीटरही (आरएच मोजणारं मीटर) तपासून घ्या, कारण निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी टाका. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. २५ अंशांना डब्यातली आरएच ७५ टक्के होते. मीटर ६८ दाखवत असेल तर तो ७ ने कमी दाखवतो, तेवढी नोंद त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

दोष यंत्राचा की खोलीचा, हेही आधीच ठरवा. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आरएच असताना प्रत्येक किलो हवेत साधारण साडेएकवीस ग्रॅम पाणी असतं. आतल्या २७ अंश, ५० टक्क्यांच्या हवेत ते ११ ग्रॅमच्या आसपास असतं. दाराखालच्या फटीतून ताशी १०० घनमीटर हवा आत येत असेल, तर ताशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी नुसतं फटीतून आत येतं, म्हणजे दिवसाला २९ लिटर. दिवसाला ५० लिटर पाणी काढणाऱ्या यंत्राची अर्ध्याहून जास्त ताकद त्यातच गेली. दाराला ब्रश-पट्टी आणि वायर जाण्याच्या भोकांना सीलंट, हे सगळ्यात स्वस्तातलं काम.

कॉम्प्रेसरवाली यंत्रं

हवा आधी थंड कॉइलवरून जाते, पाणी टाकते आणि मग त्याच यंत्रातल्या गरम कॉइलवरून बाहेर येते. त्यामुळे बाहेर येणारी हवा आतल्या हवेपेक्षा गरम असते, आणि तसंच असायला हवं. "गरम हवा फेकतंय" ही तक्रार नव्हे. ताशी २ लिटर पाणी काढणारं, ९०० वॉट घेणारं आणि ताशी ६०० घनमीटर हवा फिरवणारं यंत्र हवेचं तापमान ११-१२ अंशांनी चढवतं. हा फरक दोन-तीन अंशांवर आला असेल तर कॉम्प्रेसर पंप करत नाही किंवा गॅस गेला आहे.

फिल्टर आणि कॉइल यांचं काम सोपं, पण हाताचा दाब जपावा. कॉइल साध्या नळाच्या पाण्याने आणि सौम्य साबणाने, हवेच्या उलट दिशेने धुवा. ॲसिडवाला कॉइल क्लीनर लगेच चमक देतो, पण खाऱ्या हवेत आधीच कुरतडलेले ॲल्युमिनियमचे फिन दोन वर्षांत पिठासारखे झडतात. वाकलेले फिन कंगव्याने सरळ करा, कंगवा मात्र इंचाला जितके फिन तितक्याच दातांचा हवा. पाण्याच्या ट्रेला गंज लागला असेल तर खरवडून एपॉक्सी रंगाचे दोन हात द्या. ट्रे पंख्याच्या खेचणाऱ्या बाजूला असेल तर निचऱ्याच्या नळीला यू-ट्रॅप हवाच आणि त्यात किमान ५० मिमी पाणी उभं राहायला हवं. ट्रॅप नसेल तर पंखा नळीतून हवा ओढतो, पाणी ट्रेमध्येच साचतं आणि लोक पंप बदलत बसतात. ट्रॅपमधला शेवाळी गाळ दर महिन्याला काढा.

आता बर्फाबद्दल. वीस अंशांच्या एसी खोलीत कॉइलवर हलका बर्फ येणं आणि डिफ्रॉस्टने (बर्फ वितळवण्याच्या सोयीने) तो वितळणं स्वाभाविक आहे. पण बिनाएसीच्या, ३० अंशांच्या मुंबईतल्या गोदामात कॉइलवर बर्फ दिसला तर तो डिफ्रॉस्टचा दोष समजून टायमर बदलू नका. तिथे बर्फाची कारणं बहुधा दोनच: हवा कमी किंवा गॅस कमी. फिल्टर काढून दहा मिनिटं चालवा. बर्फ ओसरला तर हवा कमी होती. बर्फ फक्त कॅपिलरीजवळच्या दोन-तीन वळशांवर असेल आणि बाकी कॉइल कोरडं व कोमट, तर गॅस गळलाय.

गॅस गळाला की "वरून मारून देतो" म्हणणारा मेकॅनिक हमखास भेटतो. गळती तशीच ठेवून वरून भरलेला गॅस पावसाळाभरही टिकत नाही. गळती शोधताना नायट्रोजन रेग्युलेटरमधूनच सोडा. इव्हॅपोरेटरच्या (थंड कॉइलच्या) बाजूवर १५० पीएसआय दाबाच्या वर जाऊ नका, जुना पत्रा-नळ्या फाटतात. ऑक्सिजन तर चुकूनही नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. साबणाच्या फेसाने आधी यू-बेंडचे सांधे, मग जिथे नळी पत्र्याला घासते त्या जागा तपासा. ब्रेझिंग करताना नळीतून नायट्रोजनचा अगदी हलका प्रवाह चालू ठेवा, नाहीतर आत काळी खपली धरते आणि तीच पुढे कॅपिलरी तुंबवते. सिस्टिम उघडली की फिल्टर-ड्रायर नवा, यात तडजोड नाही.

मग पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (उरलेल्या दाबाचं माप) न्या, पंप बंद करा आणि पंधरा मिनिटं मीटरकडे पाहत राहा. आकडा चढून कुठेतरी थांबला तर आत ओल आहे, आणखी व्हॅक्यूम द्या. थांबतच नसेल तर गळती राहिली आहे. गॅस वजनकाट्यावर, नेमप्लेटवरच्या वजनाइतकाच भरा. वजन वाचता येत नसेल तर आर-२२ च्या (जुन्या यंत्रांतला नेहमीचा गॅस) यंत्रात थोडा थोडा भरत जा. ३० अंश, ८० टक्के हवेत सक्शन (कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या गॅसचा दाब) साधारण ७५ ते १०० पीएसआय आणि डिस्चार्ज (बाहेर पडणाऱ्याचा) २३० ते २८० च्या घरात बसायला हवं. ७६ पीएसआय म्हणजे कॉइल ७ अंशांवर, ८४ म्हणजे १० अंशांवर. इव्हॅपोरेटरमधून बाहेर पडणारी नळी त्या तापमानापेक्षा ६ ते १० अंश गरम झाली की थांबा. घाम कॉम्प्रेसरच्या डोक्यापर्यंत आला तर जास्त झालं.

आर-२२ भारतात टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. २०३० नंतर २०४० पर्यंत तो जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडासाच राहील. म्हणून काढलेला गॅस हवेत न सोडता रिकव्हरी सिलिंडरमध्ये घ्या. पर्याय निवडताना तेल पाहा. आर-४०७सी ला पीओई (कृत्रिम) तेल लागतं, म्हणजे आधी जुनं खनिज तेल काढावं लागतं, आणि तो मिश्रण असल्याने सिलिंडरमधून द्रवरूपातच भरायचा. आर-४२२डी आणि आर-४३८ए खनिज तेलाबरोबर चालतात, ताकद थोडी उतरते. आर-४१०ए जुन्या नळ्यांत नको, त्याचा दाब दीडपटीहून जास्त असतो. आणि स्वस्त म्हणून प्रोपेनसारखा एचसी (पेट घेणारा हायड्रोकार्बन) गॅस भरून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ठिणगी पडणारे कॉन्टॅक्टर त्याच पेटीत आणि आजूबाजूला पुठ्ठ्याचे ढीग, असा जुगार कोणी खेळू नये.

कॉम्प्रेसर मेला असं जाहीर करण्याआधी रन कपॅसिटर मोजा. ३५ मायक्रोफॅरडचा ३१ दाखवत असेल तर तो आधी बदला. दहा टक्क्यांहून जास्त घट म्हणजे टाकाऊ. टर्मिनलला हात लावण्याआधी २० किलोओहमच्या रेझिस्टरने तो डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून नव्हे. मग कॉम्प्रेसरच्या तिन्ही टर्मिनलमधले ओहम घ्या. सर्वांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) बॉडीला एक मेगाओहमच्या खाली आला तर वाइंडिंग संपत आलंय. सिस्टिम व्हॅक्यूमखाली असताना मात्र मेगर लावू नका, आत ठिणगी उडून चांगला कॉम्प्रेसर जळतो. नवा घेताना हॉर्सपॉवरवर जाऊ नका. सीसीमधलं डिस्प्लेसमेंट जुळवा आणि हाय बॅक प्रेशरचाच (सक्शनचा दाब जास्त असलेल्या कामासाठीचा) मागा. फ्रीजरचा लो बॅक प्रेशरवाला इथे तापून बसतो.

कार्ड जळलं तर

जुन्या यंत्राचा सगळ्यात नाजूक अवयव म्हणजे त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड, आणि मुंबईच्या हवेत तेच आधी जातं. रिलेचे सांधे हिरवे पडतात, आयसीवर कंपनीने नंबर खोडलेला असतो. तेच कार्ड शोधण्यात महिना घालवू नका. पॅनेलमध्ये रेलवर सुटे भाग बसवून ते सगळं काम करता येतं आणि पुढचा मेकॅनिक ते पाहून समजू शकतो.

लागतं एवढंच: रिले आउटपुटचा डिजिटल ह्युमिडिटी कंट्रोलर, ३ मिनिटांचा ऑन-डिले टायमर, कॉइलवर बसणारा डिफ्रॉस्ट थर्मोस्टॅट, हाय आणि लो प्रेशर कटआउट (दाब हद्दीबाहेर गेला की वीज तोडणारे), योग्य कॉइल-व्होल्टेजचा कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की तोडणारा). कंट्रोलर ५५ टक्क्यांना बंद आणि ६० ला चालू असा ठेवा; फरक एक टक्क्याचा ठेवला तर कॉम्प्रेसर दर मिनिटाला उड्या मारेल. पंखा कंट्रोलरच्या आधी, स्वतंत्र. टायमर, दोन्ही प्रेशर कटआउट आणि ओव्हरलोड ओळीने कॉम्प्रेसर कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये. डिफ्रॉस्ट थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर थांबावा आणि पंखा चालू राहावा. हॉट गॅस व्हॉल्व्ह (गरम गॅस थंड कॉइलमध्ये सोडून बर्फ वितळवणारा) असेल तर उलट, कॉम्प्रेसर चालू ठेवून व्हॉल्व्ह उघडायचा. पाण्याच्या पंपाचा फ्लोट स्विचही त्याच ओळीत घाला, नाहीतर पंप अडकल्यावर यंत्र काढलेलं पाणी जमिनीवर ओतत राहतं. सेन्सर बाहेर येणाऱ्या हवेत लावायचा नाही, आत जाणाऱ्या हवेत लावायचा.

रोटरवाली यंत्रं

इथे सिलिका जेलचा मधमाशीच्या पोळ्यासारखा रोटर हळूहळू फिरतो. पोळ्याच्या तीन-चतुर्थांश भागातून खोलीची हवा जाऊन कोरडी होते, उरलेल्या चौथ्या भागातून १२० ते १४० अंशांची गरम हवा उलट जाऊन पाणी बाहेर नेते.

हात लावण्याआधी रोटर कशाचा आहे ते ठरवा. सिलिका जेलचे बरेचसे रोटर धुता येतात. जुन्या लिथियम क्लोराइडच्या रोटरला पाणी लागलं की मीठ वाहून जातं आणि रोटर संपतो. असा रोटर पावसाळ्यात बंद ठेवला तरी हवेतली ओल ओढून ठिबकायला लागतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचे डँपर (हवेच्या वाटेवरच्या झडपा) लावून घ्यावे लागतात. नेमप्लेट नसेल तर धुवायचा धोका पत्करू नका, मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने धूळ ओढा. १९८० च्या आधीचं यंत्र असेल तर पोळ्याचा कागद ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, घासायचं नाही, तुकडे झाडायचे नाहीत. बाकी रोटरांवर हवा मारली तरी दाब २ बारच्या खाली आणि नळी हातभर लांब.

मग रोटर फिरतो का ते पाहा. हे हास्यास्पद वाटेल, पण दुपारभर हीटर, सेन्सर तपासून झाल्यावर पट्टा तुटलेला सापडतो. ताशी दहा फेऱ्यांचा वेग डोळ्यांना दिसत नाही. कडेला खडूची रेघ मारा आणि एक फेरी घड्याळावर मोजा: साधारण सहा मिनिटं. थांबून फिरत असेल तर पट्टा घसरतोय, बहुधा ताण देणारी स्प्रिंग गंजली आहे. पट्ट्यावर रेझिनचा स्प्रे मारणं हा चार दिवसांचा उपाय.

गिअर मोटर मिळत नसेल तर गणित करून दुसरी लावा. रोटरचा व्यास ५५० मिमी आणि मोटरची पुली ४० मिमी, तर प्रमाण १३.७५. ताशी १० फेऱ्यांसाठी मोटरने ताशी १३७.५ फेऱ्या म्हणजे मिनिटाला सुमारे २.३ फेऱ्या द्यायला हव्यात. बाजारात २.५ ची मिळते, रोटर ताशी १०.९ फिरेल, चालतं. फार वेगाने फिरला तर गरम पोळं खोलीच्या हवेत उष्णता ओतत राहतं. फार हळू फिरला तर भाग भिजून तुडुंब होतो. परदेशातून आणलेल्या ६० हर्ट्झच्या सिंक्रोनस मोटरचा वेग आपल्या ५० हर्ट्झवर आपोआप ८३ टक्क्यांवर येतो. कुठल्याशा सेकंडहँड यंत्राने कधीच नीट कोरडी हवा दिली नाही, त्याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

सील तपासायला रोटर आणि सीलमध्ये कागदाची पट्टी सरकवा. सहज सरकत असेल तर गरम ओली हवा थेट कोरड्या हवेत मिसळते. सिलिकॉन रबराची पट्टी जाडी मोजून कापून घेता येते, पण ती २०० अंश सोसणारी हवी. साधा निओप्रीन दोन महिन्यांत तडकतो.

हीटरचं मोजमाप सोपं. ९ किलोवॅटच्या स्टार जोडणीत ३ किलोवॅटच्या तीन कांड्या, २३० व्होल्टला प्रत्येकी १३ अँपिअर, थंड असताना साधारण १७.६ ओहम. न्यूट्रल जोडलेला नसताना एक कांडी गेली की उरलेल्या दोन एकामागोमाग येतात आणि ९ च्या जागी जेमतेम ४.५ किलोवॅट उरतात. यंत्र चालू दिसतं, दिवा लागतो, पण गरम हवा अर्ध्यानेच तापते. म्हणून करंट तिन्ही फेजवर मोजायचा.

जूनमध्ये पहिल्यांदा हीटर लावताच अर्थ लीकेजचा ब्रेकर पडतो. कांड्यांच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतली ओल शोषते, त्याने असं होतं. कांड्या फेकू नका. ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास भाजा, मेगर मेगाओहमच्या वर आला की टोकं सिलिकॉनने बंद करा. ब्रेकर काढून थेट जोडणारा माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं.

गरम हवा रोटरमधून बाहेर पडताना ४५ ते ६० अंश असावी. ७० च्या वर असेल तर रोटर थांबला किंवा त्याच्यात ओलच येत नाही. ४५ च्या खाली असेल तर हीटर कमजोर. ओव्हरहीट थर्मोस्टॅटला जंपर कधीच मारू नका. तेलकट धूळ बसलेलं पोळं तसंच तापत राहिलं तर धुमसून पेटतं. बंद करतानाही आधी हीटर, मग पाच-दहा मिनिटं पंखा. वीज जाऊन परत आल्यावर हीटरचा कॉन्टॅक्टर पंख्याशिवाय चिकटू नये म्हणून एअरफ्लो स्विच ओळीत हवाच.

ओली गरम हवा बाहेर नेणारी नळी खाली बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. वर गेली तर पत्र्यावर पाणी धरतं, परत रोटरमध्ये ठिबकतं आणि तो कोपरा कायमचा मऊ पडतो. उतार देणं अशक्य असेल तर सर्वांत खालच्या बिंदूला भोक पाडून निचरा द्या.

सामान आणि कागद

बेअरिंग आणि पट्टे नागदेवी स्ट्रीटला. जुनं बेअरिंग हातात घेऊन जा. शिक्क्यावर ६२०३ असेल तर १७ बाय ४० बाय १२ मिमी, ६२०४ असेल तर २० बाय ४७ बाय १४. गरम हवेच्या पंख्याला सी३ क्लिअरन्सचं (आत जरा जास्त मोकळीक असलेलं) आणि उच्च तापमानाच्या ग्रीसचं मागा. पट्ट्यावरचा ए-४२ म्हणजे आतून ४२ इंच. कॉन्टॅक्टर, कपॅसिटर, केबल लोहार चाळीत आणि कंट्रोलर, सेन्सर, रिले लॅमिंग्टन रोडला. नवा रोटर मागवायचा असेल तर व्यास तीन ठिकाणी, जाडी आणि मधल्या भोकाचा व्यास मोजून द्या. १०० आणि २०० मिमी या नेहमीच्या जाड्या.

सगळं बसवून झालं की दाराच्या आत एक कागद लावा: गॅसचं नाव आणि ग्रॅम, कॅपिलरीची लांबी व व्यास, रोटरची एक फेरी किती सेकंदांत, थर्मोस्टॅटची सेटिंग, तिन्ही फेजचा करंट, तारीख. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, आणि लिहायला पेन्सिल घ्या. पेनाची शाई दोन पावसाळ्यांत पसरते.